गरजणाऱ्या धुराचे दोन काठ



गोदाकाठच्या या व्याख्यानमालेला मी लहानपणापासून येतो, पण बसतो तो तुमच्या बाजूला. व्याख्यान रंगले तर शेवटपर्यंत आणि न रंगले तर हळूच उठून जाता येईल अशा बेताने कडेला. यंदा चिटणीसांनी मला इकडच्या बाजूला आणून बसवले आहे. इथून एक गोष्ट ध्यानात आली, ती म्हणजे हळूच उठून जाणारा मनुष्य व्यासपीठावरून फार स्पष्ट दिसतो! इतकी वर्षे ते मला कुणी सांगितले नव्हते. आजच्या विषयाला ही गोष्ट अगदीच सोडून नाही, हे शेवटी आपल्या लक्षात येईल.

पत्रिकेवर विषय छापला आहे 'आफ्रिकेतील एक धबधबा'. मी भूगोलाचा पंडित नव्हे. पंचवटीतून निघून शरणपूर रस्त्याने सायकलवर शाळेत जाणारा मी एक शिक्षक. निवृत्त झाल्यावर थोडे पैसे हाती आले, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी विचारले, "काशीयात्रा झाली, रामेश्वर झाले, आता कुठे?" मी चाळीस वर्षे ज्याचे चित्र फळ्यावर खडूने काढत आलो, त्या धबधब्याचे नाव माझ्या तोंडून गेले. अशा रीतीने आम्ही दोघे एका एप्रिल महिन्यात व्हिक्टोरिया धबधब्याला गेलो. तिथे कसे जावे, कसे हिंडावे आणि काय चुका टाळाव्यात, हे सांगण्याचा माझा मानस आहे. चुकांच्या बाबतीत माझा अधिकार मोठा आहे.

प्रथम ही जागा कशी आहे ते डोळ्यांसमोर आणू. झांबेझी नदी झांबिया देशाच्या वायव्य कोपऱ्यात उगम पावते, अंगोलातून वळसा घेऊन पुन्हा झांबियात येते, मग झांबिया आणि झिंबाब्वे या दोन देशांची सीमा होऊन वाहते आणि शेवटी मोझांबिकमधून हिंदी महासागराला मिळते. सीमेवरून वाहताना एके ठिकाणी तिचे सबंध पात्र खाली कोसळते. पडणाऱ्या पाण्याची रुंदी १७०८ मीटर आणि उंची, जास्तीत जास्त, १०८ मीटर. उंचीच पाहायची तर आपला दूधसागर याच्या जवळजवळ तिप्पट भरेल. पण पावणेदोन किलोमीटर रुंदीचा पाण्याचा पडदा ही निराळी गोष्ट आहे. तिथल्या कोलोलो लोकांनी त्याला नाव दिले 'मोसी-ओआ-तुन्या', म्हणजे गरजणारा धूर. तुषारांचा लोट आकाशात शेकडो मीटर चढतो आणि कोसांवरून दिसतो. आधी धूर दिसतो, मग आवाज येतो, आणि पाणी सर्वांत शेवटी दिसते. नाव ठेवणाऱ्याने पाहण्याचा क्रमच नावात घातला आहे!

आता या धबधब्याची खरी खुबी. आपल्याकडे धबधबा कड्यावरून दरीत पडतो आणि आपण दरीत उभे राहून माना वर करून तो पाहतो. इथे तसे नाही. सपाट माळावरून रुंद नदी येते आणि तिच्या वाटेत आडवी, खोल, चिंचोळी चर आहे. नांगराने तास काढावे तशी, पण शंभर मीटर खोल. नदी या चरीत पडते. चरीची पलीकडची भिंत अलीकडच्या भिंतीइतकीच उंच. त्यामुळे पाहणारा त्या समोरच्या भिंतीच्या माथ्यावर उभा राहतो आणि पाणी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून खाली जाताना पाहतो. चरीतले पाणी बाहेर पडायला समोरच्या भिंतीत एकच फट आहे, शंभर-सव्वाशे मीटरांची. एवढी सारी नदी त्या दारातून घुसते आणि पुढे नागमोडी घळींतून पळत सुटते.

हे असे का झाले? तिथला खडक आपल्या सह्याद्रीसारखाच बेसॉल्ट, म्हणजे लाव्हारसाचा काळा पाषाण आहे. आपला सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा, तर तिथला सुमारे अठरा कोटी वर्षांचा. या खडकाला आडव्या भेगा होत्या. नदीने एका भेगेतला ठिसूळ भाग खणून काढला आणि तिथे धबधबा झाला. मग मागची भेग सापडली, आणि धबधबा मागे सरकला. खालच्या नागमोडी घळी म्हणजे धबधब्याची जुनी घरे आहेत. आजच्या धबधब्याच्या पश्चिम टोकाला, ज्याला 'डेव्हिल्स कॅटरॅक्ट' म्हणतात, कडा इतरांहून खाली उतरली आहे. पुढचे घर तिथून सुरू होणार असा भूशास्त्रज्ञांचा तर्क आहे. अर्थात त्याला हजारो वर्षे लागतील, तेव्हा तिकिटाची घाई करण्याचे कारण नाही.

मुंबईहून थेट विमान नाही. आफ्रिकेतल्या एखाद्या मोठ्या शहरी, आदिस अबाबा, नैरोबी अथवा जोहान्सबर्ग, विमान बदलावे लागते. धबधब्याला दोन गावे आहेत आणि दोन विमानतळ. झिंबाब्वेकडचे व्हिक्टोरिया फॉल्स हे गाव अगदी लहान, धबधब्यापासून चालत जाण्याजोगे. झांबियाकडचे लिव्हिंगस्टन हे शहर थोरले, पण धबधब्यापासून दहा-अकरा किलोमीटर दूर, म्हणजे टॅक्सी आली. दिवसा पायी हिंडावे, अंधार पडल्यावर मात्र वाहन करावे, कारण रात्री त्या रस्त्यांवर हत्ती निघतात आणि त्यांना वाहतुकीचे नियम शिकवण्याचे धाडस अजून कोणी केलेले नाही. माकडे दिवसाच निघतात. आमच्या सौभाग्यवतींच्या हातची दशम्यांची पिशवी एका मोठ्या बबूनने इतक्या सहजपणे काढून घेतली, की जणू ती त्याच्यासाठीच नाशिकहून आणली होती. हिवतापाचा प्रदेश आहे, म्हणून डॉक्टरांना विचारून औषध घेऊन जावे.

केव्हा जावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. तिथे पाऊस नोव्हेंबर ते एप्रिल. परंतु वरच्या अंगाला विस्तीर्ण पूरमैदाने आहेत, ती पाणी शोषून सावकाश सोडतात, त्यामुळे धबधबा भरतो तो मार्चपासून मेपर्यंत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तो अगदी रोडावतो. मी हिशेब केला की, एप्रिलमध्ये पाणी सर्वांत जास्त, म्हणून एप्रिलमध्ये जावे. हिशेब बरोबर होता, उत्तर चुकले. पाणी जास्त म्हणजे तुषार जास्त, आणि तुषार जास्त म्हणजे दिसणे कमी! झिंबाब्वेच्या बाजूने आम्ही वाट धरली. आरंभी लिव्हिंगस्टनसाहेबाचा १९३४ साली बसवलेला पुतळा आहे, तिथून डेव्हिल्स कॅटरॅक्ट उत्तम दिसला. मग समोरच्या भिंतीवरचे रान लागले. सभोवती कोरडा माळ, पण तुषारांच्या बारमाही पावसावर एवढ्याच पट्ट्यात उंबराच्या जातीची झाडे, वेली आणि नेचे वाढले आहेत. तिथून मुख्य धबधब्यासमोर येऊन उभे राहिलो, तो पांढऱ्या धुक्याखेरीज काही दिसेना. भाड्याच्या रेनकोटात पाणी वरूनही येत होते आणि खालूनही. पायाखालची जमीन हादरत होती. सौभाग्यवती कानाशी येऊन ओरडल्या, "अहो, धुकंच बघायचं होतं तर माळशेज काय वाईट होता?" इतक्यात वाऱ्याची झुळूक आली, पडदा फाटला आणि पाचसहा सेकंद समोर ते सारे उभे राहिले. पुन्हा पडदा. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत. तास-दीड तास आम्ही त्या पाचसहा सेकंदांची वाट पाहत उभे होतो.

तेव्हा अनुभवाचा सल्ला असा : गर्जना ऐकायची आणि भिजायचे असेल तर एप्रिल, रूप नीट पाहायचे असेल तर जून ते ऑगस्ट. कड्याच्या अगदी काठावर जायचे असेल तर पाणी उतरल्यावर, पण तेव्हा झांबियाच्या बाजूचा बराच कडा उघडा पडलेला असेल हे धरून चालावे. त्यातच वरच्या अंगाने थोडे पाणी वळवून झांबिया १०८ मेगावॅटच्या केंद्रात वीज करतो. २०१९ च्या अवर्षणात तर त्या बाजूला काळा पाषाणच मुख्यतः दिसत होता.

आता माझ्या मोठ्या चुकीकडे येतो. धबधब्याची समोरची भिंत त्या फटीने दुभंगलेली आहे. फटीच्या पश्चिमेचा भाग झिंबाब्वेचा, तिथून मुख्य धबधब्याचे मुख दिसते. पूर्वेचा भाग झांबियाचा, तिथून पूर्वेकडचा धबधबा दिसतो. शिवाय झांबियाच्या बाजूने नदीच्या अगदी काठाशी जाता येते, आणि पाणी पडण्यापूर्वी कसे शांत असते ते पाहता येते. एका देशातून नदीचा चेहरा दिसतो, तर दुसऱ्यातून तिच्या खांद्याशी बसता येते. पुरे दर्शन कुठल्याच एका देशात नाही. आम्हाला परवाने काढून देणारा गृहस्थ मात्र म्हणाला होता, "मास्तर, धबधबा एकच ना? मग एकाच बाजूचा परवाना पुरे." मला ते पटले. एकदाच प्रवेशाचा परवाना घेऊन आम्ही गेलो. एकदाच, याचा अर्थ झिंबाब्वेतून पाऊल बाहेर टाकले की परत येताना नव्याने पैसे. २०१४ साली या दोन देशांनी दोन्हीकडे चालणारा सामायिक परवाना काढला, हे मला तिथे गेल्यावर कळले. तेव्हा आपल्यापैकी कोणी जाणार असेल तर त्याने निघण्यापूर्वी तो आपल्याला मिळतो का, हे स्वतः चौकशी करून पाहावे.

दोन देशांच्या मध्ये पूल आहे. नाक्यावर एक चिठ्ठी घेतली की परवान्याशिवायही पुलावर जाऊन परत येता येते. आम्ही गेलो. १९८ मीटर लांबीचा हा पोलादी कमानीचा पूल खालच्या पाण्यापासून १२८ मीटर उंच आहे. एकाच पुलावर आगगाडी, मोटारी आणि पादचारी. त्याचे भाग इंग्लंडात डार्लिंग्टनला घडवून, बोटीने बेइरा बंदरात आणून, तिथून आगगाडीने इथवर वाहून आणले आणि जोडले. १२ सप्टेंबर १९०५ रोजी त्याचे उद्घाटन झाले ते चार्ल्स डार्विनचे पुत्र प्राध्यापक जॉर्ज डार्विन यांच्या हस्ते. पूल धबधब्याच्या इतका जवळ असावा की तुषार डब्यांवर पडावेत, ही सेसिल ऱ्होड्सची इच्छा. स्वतः ऱ्होड्सने मात्र हा धबधबा कधी पाहिला नाही. १९०२ मध्येच तो वारला.

या पुलाने आणखी एक प्रसंग पाहिला. १९६४ साली झांबिया स्वतंत्र झाला, पण पलीकडच्या ऱ्होडेशियात मूठभर गोऱ्यांचे राज्य चालूच होते. १९७३ मध्ये सीमा बंद झाली. पुढे ऑगस्ट १९७५ मध्ये तडजोडीची बैठक ठरली, पण बसावे कुठे? ऱ्होडेशियाच्या भूमीवर आफ्रिकी पुढारी यायचे नाहीत, झांबियाच्या भूमीवर इयान स्मिथ यायचा नाही. तेव्हा आगगाडीचा एक डबा आणून या पुलाच्या मधोमध उभा केला. दोन्ही पक्ष आपापल्या बाजूने चढले आणि आपापल्या बाजूला बसले. मध्ये मेज आणि मेजाखाली सीमा! बोलणी फसली. युद्ध आणखी चार वर्षे चालले, आणि १८ एप्रिल १९८० रोजी झिंबाब्वेचा जन्म झाला. स्वतःच्या काठावरून न उठता दुसऱ्याला भेटण्याची युक्ती त्या दिवशी माणसांनी काढली होती. ती साधली नाही, यात नवल नाही.

पुलाच्या मध्यावर आम्ही उभे होतो. एक पोरगा शंभर लाख कोटी डॉलरची नोट विकत होता. झिंबाब्वेच्या चलनाची दैना झाली तेव्हा, २००९ साली, छापलेली नोट, शून्ये मोजता मोजता दम लागावा अशी. ती विकत घ्यायला खरे डॉलर द्यावे लागतात. त्याने विचारले, "पलीकडे जाऊन आलात?" मी परवान्याची अडचण सांगितली. तो हसून म्हणाला, "मग तुम्ही अर्धाच पाहिलात." मी परतायला वळलो, पण सौभाग्यवती हलेनात. म्हणाल्या, "एवढ्या लांब येऊन अर्ध्या पुलावरून परत फिरायचं? पैसे पुन्हा भरू. येताना चुलत्यांकडच्या लग्नाचा आहेर थोडा कमी करू." लग्न झाले, आहेर कमी झाला, आणि चुलत्यांकडची मंडळी पुढच्या बाकावर बसली आहेत, म्हणून हे जाहीरपणे सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही नाक्यांवर पैसे मोजून आम्ही झांबियात गेलो. चाकूच्या धारेसारखा निमुळता कडा आणि त्याकडे नेणारा पादचारी पूल आहे, त्यावरून जाताना नदीत आहोत की हवेत हे कळेना. मग काठाकाठाने वर जाऊन पाण्याशेजारी बसलो. रामकुंडाशी बसावे तसे. पाणी संथ येते, काठाशी जरासे हिरवे होते आणि पुढे नसतेच. तो दिवस चैत्री पौर्णिमेचा होता. भरल्या पाण्यात पौर्णिमेच्या सुमारास धबधबा रात्रीही पाहू देतात, आणि चंद्रप्रकाशात तुषारांवर इंद्रधनुष्य उमटते. रंग फार फिके, पांढऱ्या रेशमावर हळदीकुंकवाचा नुसता भास व्हावा तसे. सौभाग्यवतींनी हात जोडले. मीही जोडले.

पण मुख्य गोष्ट त्याच दुपारी घडून गेली होती. लिव्हिंगस्टन शहरात एक संग्रहालय आहे. डेव्हिड लिव्हिंगस्टनची पत्रे आणि वस्तू तिथे आहेत. या माणसाला १६ नोव्हेंबर १८५५ रोजी तिथल्या लोकांनी होडीतून कड्यावरच्या बेटावर नेले आणि धबधबा दाखवला. दाखवला, असे मी मुद्दाम म्हणतो. पुस्तकांत 'शोधला' असे असते, आणि मीही मुलांना तसेच शिकवले. ज्यांनी नाव ठेवले होते आणि जे होडी वल्हवत होते, त्यांना तो आधीच सापडलेला होता! संग्रहालयातील एका प्रौढ गृहस्थांनी आम्हाला विचारले, "भारतात कुठले?" मी म्हणालो, "मुंबईजवळचे, नाशिकचे." त्यांचा चेहरा एकदम उजळला. म्हणाले, "नाशिक! म्हणजे जेकब वेनराइटचे नाशिक!"

बंधुभगिनींनो, मी नाशिकला जन्मलो आणि नाशिकला इतिहास शिकवला, पण हे नाव मी ऐकले नव्हते. एका परक्याने मला माझ्या गावाची गोष्ट सांगितली. ती अशी. हिंदी महासागरात गुलामांची जी गलबते इंग्रजी युद्धनौका पकडीत, त्यांतून सुटलेली काही आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतली कित्येक आपल्या शरणपूरला मिशनऱ्यांच्या आश्रमशाळेत आली. तिथे ती लिहायला, वाचायला, सुतारकाम आणि लोहारकाम करायला शिकली. लिव्हिंगस्टन १८६४ मध्ये आपली छोटी आगबोट विकायला मुंबईस आला होता. १८६६ मध्ये शेवटच्या सफरीवर निघताना त्याने शरणपूरचे नऊ तरुण बरोबर घेतले. इंग्रजी कागदांत त्यांना 'नासिक बॉइज' म्हणतात. पुढे १८७२ मध्ये त्याच्या मदतीसाठी जी नवी माणसे पाठवली, त्यांत याच शाळेतला जेकब वेनराइट होता. १ मे १८७३ रोजी, धबधब्यापासून फार दूर, आजच्या झांबियाच्याच ईशान्येकडे चितांबोच्या गावी, लिव्हिंगस्टन वारला. साथीदारांनी त्याचे हृदय तिथल्या झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थना वाचली जेकबने, आणि झाडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. नंतर सुसी, चुमा आणि इतर साथीदारांनी तो देह हजार मैलांहून अधिक वाट चालून समुद्राकाठी आणला. यातला चुमाही मुंबईला डॉक्टर विल्सन यांच्या शाळेत शिकलेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत एक आफ्रिकी तरुण होता. तो आपल्या शरणपूरच्या शाळेतला विद्यार्थी होता.

जेकबने मोसी-ओआ-तुन्या पाहिला नाही. त्या धबधब्याच्या दोन्ही काठांवर लिव्हिंगस्टनचे पुतळे आहेत, आणि मी दोन्हींभोवती फिरून पाहिले. वाहून नेणाऱ्यांचे नाव मला कुठे दिसले नाही. पण तिथे ते नाव नाही म्हणून तक्रार मी कोणत्या तोंडाने करू? शरणपूर रस्त्यावरून मी चाळीस वर्षे सायकल मारली. घंटा चुकू नये म्हणून मान खाली घालून मारली. त्या रस्त्याच्या नावातच 'शरण' हा शब्द आहे. तिथे शरण आले कोण, हा प्रश्न मला एकदाही पडला नाही, आणि मुलांपैकी कोणी विचारलाही नाही, कारण प्रश्न विचारावा असे मी त्यांना काही दाखवलेच नव्हते.

परवान्याचे पैसे पुन्हा भरायचे नाहीत म्हणून मी पुलाच्या मध्यावरून परत फिरलो असतो, तर धबधबा अर्धा राहिला असता, हे त्या नोटा विकणाऱ्या पोराने सांगितलेच. नाशिकही अर्धे राहिले असते, हे मात्र त्यालाही माहीत नव्हते. आपल्या काठावरून समोरचे दिसते. आपला काठ पाहायचा तर पलीकडे जावे लागते, आणि त्याचे भाडे कोणाला चुकत नाही.

आपल्यापैकी सगळ्यांना झांबेझीपर्यंत जाता येईल असे नाही. जे जातील त्यांनी दोन्ही बाजूंचा परवाना आधी काढावा, एप्रिल टाळावा आणि दशम्या घट्ट धराव्यात. जे जाणार नाहीत त्यांनी उद्या शरणपूर रस्त्याने जाताना घटकाभर थांबावे. दीडशे वर्षांपूर्वी या मातीत काही काळी, अनाथ, दूरदेशची मुले मोठी झाली. त्यांतला एक आपल्या गावाचे नाव वेस्टमिन्स्टरपर्यंत घेऊन गेला, हे घरी मुलांना सांगावे. माझ्या वर्गात ते सांगायचे राहून गेले, ते आज इथे सांगून टाकले.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, आणि इथून मला स्पष्ट दिसते आहे की फारसे कोणी उठून गेले नाही.